बाद माल

रबाळ्याला, जुन्या खदानीकडं पाठ करून असलेल्या शेडमध्ये
रात्री अकरानंतर काम चांगलं होतं.
दिवसा ठाणे-बेलापूर रोडवरून कंटेनर जातात,
आणि टेबल हवेवर तरंगत असलं तरी
रेषा किंचित दचकते.

म्हणून बाबांना रात्रीच बोलावलं.
गेटवर तिरपुड्यांनी रजिस्टरात लिहिलं :
बाळाराम केणी, वय एकाहत्तर, काम – मुलगी.

दिघ्याच्या बाटल्यांच्या कारखान्यात
बाबांनी एकतीस वर्षं बुडबुडे शोधले.
पट्ट्यावरून बाटली यायची, मागं ट्यूबलाइटचा पांढरा फळा,
मोहरीएवढा डाग दिसला की मानेला धरून
बाद.
घरी पाण्याचा पेलासुद्धा ते आधी उजेडात फिरवतात,
मग पितात.

आणि मी पगार घेते
काचेच्या पोटात बुडबुडे काढायचा.

दाखवायला फार नव्हतं. चष्मे, काळोख,
पडद्यावर हळूहळू सरकणारा एक ठिपका.
म्हणून सांगत गेले :
सेकंदाचे अब्ज तुकडे करा, बाबा,
त्यातल्या एकाचे पुन्हा दहा लाख,
तसले शे-दोनशे उचला.
एवढंच या ठोक्याचं आयुष्य,
तेवढ्यात उजेड काचेत केसाची जाडीही ओलांडत नाही.

साधा उजेड काचेतून जातो
झोपलेल्या घरातून शेवटच्या पाळीचा माणूस जावा तसा,
कुणाला न उठवता.
काचेतला इलेक्ट्रॉन घट्ट बसलेला.
उजेडाचा एक कण येऊन हलत नाही,
दुसरा मागाहून आला तरी नाही.
सात-आठ जणांनी त्याच जागी, त्याच क्षणी
खांदा लावला, तरच सुटतो.

"युनियन केली म्हण की उजेडानं."

हो. आणि एक सुटला की धावत दुसऱ्याला धडकतो,
तो तिसऱ्याला.

बाबा बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.
"सात-आठ जण आमी पण होतो," म्हणाले,
"एके टायमाला नाय आलो."

मी विषय बदलला.
म्हटलं, उजेड फार झाला की काच स्वतःच भिंग होते,
त्यालाच आणखी बारीक करत नेते.
आत शिरतो तो डोळ्याला न दिसणारा,
आणि कधीकधी पलीकडच्या कागदावर
सगळे रंग सांडतात.
सहा वर्षं झाली,
हे मला अजून पगाराच्या वरचं वाटतं.

आणि कमी ताकदीचे हजार ठोके दिले तर?
पहिल्याला काच काही म्हणत नाही.
नऊशेव्यालाही नाही.
पण मोजत असते.

तुकडा काढला, नखाएवढा.
मी हातमोजा द्यायच्या आत
बाबांनी तो उघड्या अंगठ्यात धरला.
वरून चाचपला, खालून चाचपला. गुळगुळीत.
"फुटली नाय?"
नाही. वर काही होतच नाही, जे होतं ते आत.
"बायेस," एवढंच म्हणाले. बायेस माझी आई.

मग दाराजवळच्या ट्यूबखाली गेले,
तुकडा तिरका केला, थोडा आणखी तिरका,
मोतीबिंदू न झालेला डोळा बारीक केला.
"ही रेघ तुजी. आन ह्यो बुडबुडा?"
कुठला?
"ह्यो. कोपऱ्यात. तुजा नाय ह्यो."

सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.
होता. काचेचा स्वतःचा,
भट्टीतून सोबत आलेला,
तपासणीच्या तीन सह्यांना न दिसलेला.

त्याच्या शेजारी अंगठ्याचा ठसा, तेलकट, ठसठशीत.
नियम साधा आहे : ठसा असेल तिथं उजेड आत शिरत नाही,
वरच जळतो, आणि काच घेऊन जातो.
आधी अॅसिटोन, मगच पुढचं काम.
कापूस भिजवला होता मी.

पाकिटावर लिहिलं : बाद.
कारणाच्या रकान्यात काय लिहावं
ते दुपारपर्यंत सुचलं नाही.